महापुरानंतरची मोटार

सन २०१९च्या ऑगस्टांत सांगलीस आयर्विन पुलापाशीं कृष्णेनें ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हां आमच्या धाकट्या बंधूंची पंधरा वर्षांची मोटार अंगणांतच बुडाली. मातोश्रींस दर गुरुवारीं औषधोपचाराकरितां मिरजेस न्यावयाचें, तें तिच्यांतूनच. पाणी ओसरलें, तेल बदललें, सारें सुकविलें. तरी ती सुरू होईना. कारागीर म्हणाला, "गुरुजी, ईसीएम गेला."

ईसीएम म्हणजे इंजिनाचें नियंत्रण करणारी विद्युत्पेटी. आंत येणारी हवा, इंजिनाची उष्णता व फेऱ्यांचा वेग जाणून पेट्रोल किती सोडावें आणि ठिणगी केव्हां पाडावी, हें ती क्षणोक्षणीं ठरविते. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांस तिची गरज नसे.

पेटी महाग, म्हणून मीं पुरावा मागितला. (मास्तरकीची खोड!) आधीं फ्यूज, पेटीस पोंचणारा प्रवाह आणि गाडीच्या सांगाड्यास जोडलेली अर्थिंगची तार तपासविली, ती तार गंजलेली असल्यास नवी पेटीही काम करीत नाहीं. तारा नीट निघाल्या. पेटी उघडतांच मात्र आंतील तांब्याच्या रेषांवर हिरवा गंज दिसला.

साताऱ्यास जुन्या सामानाच्या दुकानांत तशीच पेटी मिळाली. पार्ट नंबर ताडून पाहिला, बॅटरीची ऋण तार सोडवून ती बसविली. पण इंजिन मुकें तें मुकेंच! किल्लीच्या मुठींतील चिपचा संकेत या पेटीस अनोळखी होता. वापरलेली पेटी घेणारांनीं ही ओळख करून देणारा कारागीर आधीं गांठावा, पैसे मागाहून मोजावे. आम्हांस तो शोधण्यांत आठ दिवस लागले. पुढील गुरुवारीं मातोश्री मिरजेस वेळेवर पोंचल्या.