वांग्याचा पर्णगुच्छ : झाड वाढते, वांगं लागत नाही

वांग्याच्या वावरात एखादे झाड झुडपासारखे दाटते. पाने बारीक, मऊ, फिकट, पेरे आखूड, फुलांच्या जागी हिरवी पालवी. ‘खत कमी पडलं असेल’ म्हणून शेतकरी युरिया टाकतो, नाही तर बुरशीनाशक मारतो. पैसा जातो, वांगं काही येत नाही. हा पर्णगुच्छ रोग. काही भागांत याला बोकड्या म्हणतात.

भारतात याची पहिली नोंद १९३९ साली कोइमतूरला झाली. पुढे कित्येक वर्षे तो विषाणूचा रोग समजला गेला. १९६७ साली जपानी शास्त्रज्ञांना अशाच प्रकारच्या रोगट झाडांत पेशीभित्तिका नसलेले सूक्ष्म जिवाणू सापडले. आज त्यांना फायटोप्लाझ्मा म्हणतात. ते झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतात. बुरशीनाशक त्यांचे काहीच बिघडवत नाही.

रोग पसरतो कसा? बियाण्यातून नाही, हात लागल्यानेही नाही. हिशिमोनस नावाचा तुडतुडा रोगट झाडाचा रस शोषतो. जिवाणू त्याच्या अंगात वाढतात आणि काही दिवसांनी तो ज्या झाडाचा रस शोषेल त्याला रोग देऊ लागतो, तो मरेपर्यंत. पऱ्हाटीवरचा हिरवा तुडतुडा आपण ओळखतो. हा त्याचाच भाऊबंद, पण वेगळा. संत्र्याच्या बागेत सिल्ला कीड ग्रीनिंगचे जिवाणू झाडोझाडी नेते, तसाच हा प्रकार.

म्हणून शेतकरी बंधूंनो, रोगट झाड ‘सुधरेल’ म्हणून ठेवू नका. ते सुधरत नाही, शेजारच्या झाडांना मात्र रोग पुरवते. उपटण्याआधी तुडतुड्यांसाठी वांग्यावर शिफारस असलेली फवारणी घ्या. नाही तर झाड हलताच तुडतुडे शेजारी उडतात. फवारणीनंतर किती दिवस तोडा करायचा नाही, ते डब्यावर वाचा. उपटलेले झाड वावराबाहेर नेऊन जाळा किंवा पुरा. रोपवाटिकेवर बारीक जाळी लावा. लागवडीनंतर सुरुवातीपासून ५ टक्के निंबोळी अर्क फवारत राहा. जुन्या, संपत आलेल्या वांग्याशेजारी नवी लागवड करू नका.

धुऱ्यावरच्या धोतऱ्यावरही हा रोग मुक्काम करतो. तुडतुडा कोणाचा धुरा कोणता, ते पाहत नाही. तेव्हा ग्रामपंचायतीने लागवडीआधी एक दिवस ठरवून पडीक जागेतला आणि रस्त्याकडेचा धोतरा काढून घ्यावा. एकाने झाडं उपटली आणि शेजाऱ्याने ठेवली, तर उपटणाऱ्याची मेहनत वाया जाते.