सौर पॅनेल तपासणी उपकरणांसाठी वायरची निवड

प्रस्तावना

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने पीएम सूर्यघर योजना सुरू केली. घराच्या छतावर सौर पॅनेल बसविण्यासाठी अनुदान मिळू लागल्याने पॅनेल बसविणाऱ्या व तपासणाऱ्या कुशल कारागिरांची गरजही वाढली. हे कौशल्य शिकविताना पॅनेल आणि मीटर यांकडे लक्ष दिले जाते. त्यांना जोडणाऱ्या वायरकडे मात्र सहज दुर्लक्ष होते. चुकीच्या वायरमुळे चांगले पॅनेल सदोष ठरू शकते. प्रस्तुत लेखात ही चूक कशी घडते व कशी टाळावी, याचे विवेचन केले आहे.

वायरचा रोध

प्रत्येक वायरला रोध असतो. उर्दू माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास ‘मुजाहमत’ हा शब्द सांगितल्यास ही संकल्पना चटकन उमगते. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरचा रोध २० अंश सेल्सिअसला दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. लांबी वाढली की तो वाढतो. जाडी वाढली की कमी होतो.

एक उदाहरण घेऊ. पॅनेल गच्चीवर व मीटर खालच्या खोलीत, अंतर १० मीटर. जाण्यायेण्याची मिळून वायर २० मीटर होते. पॅनेल १८ व्होल्टवर ८ अँपिअर, म्हणजे १४४ वॅट देत आहे. दीड एम.एम.ची वायर वापरल्यास तिचा रोध सुमारे ०.२३ ओहम होतो आणि वाटेतच १.८ व्होल्ट खर्ची पडतात. मीटरवर सुमारे १५ वॅट, म्हणजे दहा टक्के शक्ती कमी दिसते. सहा एम.एम.च्या वायरने ही घट अडीच टक्क्यांवर येते, पण नाहीशी होत नाही.

ही चूक सहज लक्षात येत नाही. खुल्या परिपथाचा व्होल्टेज मोजताना प्रवाह जवळजवळ नसतो, म्हणून वाचन बरोबर येते. लघुपरिपथ प्रवाहातही फारसा फरक पडत नाही. दोष दिसतो तो केवळ कमाल शक्तीच्या वाचनात, आणि त्याचे खापर पॅनेलवर फुटते.

चार वायरींची जोडणी

यावर खात्रीचा उपाय म्हणजे चार वायरींची जोडणी. दोन जाड वायरींतून भाराकडे प्रवाह न्यावा. दुसऱ्या दोन वायरी थेट पॅनेलच्या टोकांपासून व्होल्टमीटरकडे आणाव्यात. डिजिटल मल्टीमीटरचा रोध साधारणतः १० मेगाओहम असल्याने या वायरींतून नगण्य प्रवाह वाहतो. त्या बारीक असल्या तरी चालतात. पॅनेलच्या प्रमाणित चाचणीतही हीच पद्धत वापरतात.

आवरण, सांधे व सुरक्षितता

घरगुती पीव्हीसी वायरचे आवरण उन्हाने कडक होऊन तडकते. म्हणून गच्चीवर सौर कामासाठीचीच वायर वापरावी, तिच्यासाठी आय.एस. १७२९३ : २०२० हे भारतीय मानक आहे. खानापूर तालुक्यातील जांबोटीसारख्या घाटमाथ्यालगतच्या अतिपावसाच्या गावी ओलाव्याने तांबे काळे-हिरवे पडते व सांध्याचा रोध वाढतो. तेथे नुसती पिळलेली टोके न ठेवता कल्हईचे लग दाबून बसवावेत आणि पावसाळ्यानंतर प्रत्येक सांधा तपासावा.

प्रवाह चालू असताना कनेक्टर ओढू नये, डी.सी.ची ठिणगी सहज विझत नाही. आधी डी.सी. स्विच बंद करावा.

समारोप

स्वच्छ उन्हात, थोड्याच मिनिटांच्या अंतराने, एकाच पॅनेलची दोन वायरींनी व चार वायरींनी तपासणी करून दोन्ही वाचने विद्यार्थ्यांना शेजारी शेजारी लिहावयास लावावीत. त्यांतील फरक हाच या विषयाचा खरा पाठ होय. उद्या हाच विद्यार्थी एखाद्या शेतकऱ्याला ‘पॅनेल बदला’ असे सांगणार आहे. त्याच्या एका वाक्यावर त्या घराचे काही हजार रुपये अवलंबून असतील. म्हणून पॅनेलवर निकाल देण्यापूर्वी वायर तपासण्याची सवय त्यास वर्गातच लागली पाहिजे.