घरची घांसणी

बाजारांतून आणलेली हिरवी घांसणी वापरतां वापरतां झिजते. पण झिजलेला भाग जातो कोठें, याचा विचार आपण क्वचितच करितों. ती बहुधा नायलॉन वा पॉलिएस्टरच्या तंतूंची असते. तिचे सूक्ष्म कण मोरींतून नदीनाल्यांत जातात व तेथें कुजत नाहींत. भांडें स्वच्छ होतें, पाणी मात्र नासतें!

यास उपाय परसांतच आहे. वेलावरील एक-दोन घोसाळीं भाजीसाठीं न तोडतां वाळूं द्यावीं. साल तपकिरी होऊन आंत बिया खुळखुळूं लागल्या, कीं साल सोलून बिया झाडून घ्याव्या व पुढील पावसाळ्यासाठीं ठेवाव्या. उरलेली जाळी धुवून वाळवावी आणि तिचे तुकडे करावे. ज्यांच्याकडे वेल नाहीं, त्यांनीं नारळाची शेंडी मुठीएवढी गुंडाळून दोऱ्यानें आंवळावी. तांब्यापितळेस चिंच व मीठ पुरे. ॲल्युमिनिअमला मात्र राख लावूं नये, तिच्यांतील क्षारानें तें काळवंडतें. घांसणी कोणतीहि असो, काम झाल्यावर पिळून उन्हांत ठेवावी. ओलीवर जंतु वाढतात.

झिजलेली जाळी परसांत पुरली, कीं तिची माती होते. आपला कचरा नातवंडांसाठीं शिल्लक न ठेवणें, हीच आम्ही खरी काटकसर समजतों.