ट्रॅकसाठी ब्रेकची सिद्धता : लेखांक ६ — ऑइलातले पाणी

नवे पॅड डिस्कवर कसे बसवून घ्यावेत, याचे विवेचन या आठवड्यात करण्याचे मी कबूल केले होते. परंतु आमच्या अल्लीपुरातल्याच एका वाचकांचे पत्र आले, आणि त्यातील प्रश्न इतका मूलगामी आहे, की पॅडांचे प्रकरण पुढील लेखांकापर्यंत तहकूब ठेवणे मला भाग आहे. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टाईच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी चालवण्याचा त्यांचा मानस आहे, आणि त्यांची पृच्छा अशी, की ब्रेक ऑइल दोन पावसाळ्यांपूर्वीच बदललेले असून दिसावयास स्वच्छ आहे व हिंगणघाटच्या रस्त्यावर पेडलही घट्ट लागते, तर ते पुन्हा बदलण्याचे प्रयोजन काय?

प्रयोजन उष्णतेच्या हिशेबात आहे. बाराशे किलो वजनाची गाडी ताशी १८० किलोमीटरच्या वेगावरून ७२ वर आणावयाची, तर सुमारे १,२६० किलोज्यूल ऊर्जा, म्हणजे चार लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत नेण्यास लागणारी उष्णता, जेमतेम चार सेकंदांत ब्रेकच्या अंगावर पडते. तिचा मोठा वाटा पुढच्या दोन चाकांकडे जातो, आणि नऊ किलोच्या डिस्कचे तापमान अशा एकाच वेळी शंभर अंशांच्या आसपास वाढते. रस्त्यावर असा प्रसंग क्वचित येतो व नंतर डिस्कला निवावयास अवकाश मिळतो. ट्रॅकवर मात्र ती निवण्यापूर्वीच पुढचे वळण हजर होते, आणि साचलेली उष्णता पॅडमधून व कॅलिपरच्या पिस्टनमधून अखेरीस ऑइलापर्यंत पोहोचते.

आता या ऑइलाचा स्वभाव पाहा. डॉट ३ व डॉट ४ ही दोन्ही ग्लायकॉल जातीची, आणि हवेतील बाष्प शोषून घेणे हा त्यांचा जन्मजात धर्म आहे. रबरी होसमधून व टाकीच्या झाकणातून ते बाष्प नकळत आत येत राहते. मानकाप्रमाणे डॉट ४ चा कोरडा उत्कलनांक किमान २३० अंश असावा लागतो, त्यातच ३.७ टक्के पाणी मिसळले, की हमी उरते ती अवघ्या १५५ अंशांची. वैशाखात ठणठणीत कोरडी असणारी आपली वैदर्भीय हवा आषाढ-श्रावणात किती ओथंबलेली असते, हे येथील वाचकांस सांगावयास नको. हे पाणी रंगावरून ओळखू येत नाही. ऑइल उकळले, की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, आणि पायातले सारे बळ ती वाफ दाबण्यातच खर्ची पडून पेडल तळाला टेकते.

पेडल घट्ट आहे, हा दाखला म्हणूनच अपुरा. फॉर्म्युला भारत या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत प्रत्येक गाडीला धावताना चारही चाके एकदम जाम करून दाखवावी लागतात, आणि ही कसोटी मला फार न्याय्य वाटते. पण ती ब्रेकच्या जोराची आहे, तापल्यानंतरच्या दमाची नव्हे. थंड ब्रेकने जाम झालेली चाके ऑइलातल्या पाण्याविषयी काहीच सांगत नाहीत.

तेव्हा माझा स्पष्ट अभिप्राय असा, की ट्रॅकवर जाण्यापूर्वी ऑइल बदलावेच. ते निदान डॉट ४ चे आणि सीलबंद डब्यातले असावे, गेल्या वर्षीचा उघडा अर्धा डबा कामाचा नाही. डॉट ५ हे नाव ऐकून फसू नये. ते सिलिकोनचे असून ग्लायकॉलच्या ऑइलात मिसळण्याजोगे नाही, डॉट ५.१ मात्र ग्लायकॉलचेच आहे. नळ्यांतले जुने ऑइल व हवा काढताना, कंपनीने वेगळा क्रम दिला नसेल तर, मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून, म्हणजे आपल्याकडील गाड्यांत बहुधा मागच्या डाव्या चाकापासून आरंभ करावा. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल सैल करावे, आणि निपल पुन्हा आवळल्याशिवाय पहिल्याने पाय उचलू नये. या साऱ्या काळात टाकीतील पातळीवर नजर ठेवावी, कारण ती रिकामी झाली तर हवा आत जाऊन केलेले काम पाण्यात जाते. रंगावर ऑइल सांडल्यास तत्काळ पाण्याने धुवावे, एरवी रंग उडतो.

ट्रॅकवर शेवटची फेरी ब्रेकला जवळजवळ न शिवता काढावी. तापलेली गाडी एकाएकी उभी केली, की चाकांतून वाहणारा वारा थांबतो, डिस्कमधील उष्णता सावकाश कॅलिपरमध्ये उतरते आणि ऑइल नेमके त्या विश्रांतीत उकळते. गाडी उभी करताना हँडब्रेकही ओढू नये. गिअरमध्ये ठेवून चाकाखाली लाकडी ठोकळा लावावा, आणि पुन्हा निघण्यापूर्वी जागच्या जागी पेडल दाबून पाहावे.