आवाज नेमका कुठून आला?

पूर्णेतल्या मुलांना हा खेळ शिकवायला नको. घरात बसल्या बसल्या डोळे मिटायचे आणि रेल्वेचा हॉर्न ऐकू आला की बोट दाखवायचं. गाडी परभणीकडून आली, नांदेडकडून आली, की वसमतकडून, अकोल्याच्या लाइनवरून? जंक्शनचं गाव, तीन दिशांनी रूळ येतात. तरी बोट बहुतेक वेळा बरोबर दिशेला वळतं. आता सांगा बरं, न बघता दिशा कळते कशी?

कान दोन आहेत म्हणून! हॉर्न उजवीकडून आला, तर तो उजव्या कानाला आधी मिळतो आणि डाव्याला किंचित उशिरा. किती उशिरा? आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर पळतो. डोक्याला वळसा घालून पलीकडच्या कानापर्यंत जायला त्याला फार तर सेकंदाचा दीडहजारावा भाग लागतो. पापणी मिटून उघडायला याच्या शंभरपटीहून जास्त वेळ लागतो! तरी मेंदू एवढासा फरक पकडतो. शिवाय डोकं आड येतं, त्यामुळे चिरके, बारीक आवाज पलीकडच्या कानाला जरा दबलेले ऐकू येतात. या दोन खुणांवरून दिशा कळते, हे इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली मांडलं.

खोटं वाटतं? मग गवंडीकाकांकडून लेव्हलची प्लॅस्टिकची नळी घ्या, दीडेक मीटरची. तिची दोन टोकं दोन्ही कानांशी अलगद धरा. आत मात्र खुपसू नका. नळीचा मधला भाग पाठीमागं सोडा आणि मैत्रिणीला पेन्सिलीनं त्यावर टिचकी मारायला सांगा. बरोबर मध्यावर मारली, तर आवाज डोक्याच्या मधोमध वाटेल. पाच सेंटिमीटर डावीकडे मारली, की तुम्ही लगेच म्हणाल, “डावीकडं!” ती हळूहळू मध्याकडे सरकू दे. तुमचे कान किती बारीक फरक ओळखतात, ते मोजपट्टीनं मोजा.

कानांच्या या करामतीवर एका माणसानं मोठी युक्ती केली. त्याचं नाव ॲलन ब्लमलाइन. १९३१ साली हा इंग्रज इंजिनीअर बायकोबरोबर सिनेमाला गेला होता. नट पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाला जायचा, पण त्याचा आवाज आपला एकाच जागेवरून यायचा. ब्लमलाइन म्हणाला, आवाजालाही नटाच्या मागे चालायला लावता येईल. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यानं पेटंटसाठी अर्ज केला. ही झाली ‘स्टिरिओ’ची सुरुवात. आपल्याकडे ‘अयोध्येचा राजा’ हा प्रभातचा मराठी बोलपट त्यानंतर दोन महिन्यांनी, फेब्रुवारी १९३२ मध्ये झळकला. आणि गंमत ऐका, १९३५ साली ब्लमलाइननं आपली युक्ती दाखवायला जे छोटे चित्रपट काढले, त्यातला एक होता हेज स्टेशनातून जाणाऱ्या गाड्यांचा. गाडी पडद्यावर जिकडे, तिचा खडखडाटही तिकडे! पूर्णेच्या पोरांना तो नक्की आवडला असता.

आता आवाज फक्त डावीकडून-उजवीकडून येत नाही. चहूकडून यावा म्हणून घरात ‘फाइव्ह पॉइंट वन’ संच लावतात. त्यातले तीन स्पीकर समोर असतात आणि दोन बाजूला, जरा मागे. तो ‘पॉइंट वन’ म्हणजे धडधडीचे खोल आवाज काढणारा मोठा डबा, सबवूफर. संचाच्या पुस्तिकेतल्या चित्रात खोली छान चौकोनी असते. खऱ्या घरात?

समजा, तुमच्या मामांनी असा संच आणलाय. बैठकीच्या खोलीत डावीकडे सलग भिंत आहे. उजवीकडची भिंत अर्ध्यातच संपते आणि तिथून स्वयंपाकघराकडे बोळ जातो. मागच्या कोपऱ्यात जिना घुसलाय. खाली शहाबादी फरशी, वर पत्रे. मामा डोकं खाजवताहेत, “हे उजवीकडचं डबडं टांगावं कुठं? भिंतच नाही!”

तुम्ही म्हणायचं, “मामा, भिंत राहू द्या. आधी बसा तर खरं.”

कारण आवाज चहूकडून आल्यासारखा वाटतो तो मामांच्या डोक्यात. तेव्हा मोजमाप भिंतीपासून नाही, मामांच्या डोक्यापासून घ्यायचं. खुर्ची मागच्या भिंतीला टेकवू नका, थोडी पुढे ओढा. मग सुतळी घ्या. टीव्हीच्या दोन्ही बाजूंचे स्पीकर मामांपासून सारख्याच अंतरावर हवेत, आणि त्या दोघांमध्येही तेवढंच अंतर हवं. म्हणजे तिघांचा समभुज त्रिकोण झाला. भूमितीच्या तासाला उगाच नाही शिकवत! तिसरा स्पीकर टीव्हीच्या खाली किंवा वर, मधोमध.

बाजूचे दोन स्पीकर कानांच्या रेषेच्या जरा मागे आणि बसलेल्या माणसाच्या डोक्याहून थोडे उंच ठेवा. नाक समोर धरलं, तर तिथून सुमारे ११० अंशांवर. कोनमापक काढा! उजवीकडे भिंत नाही, तर स्टँड किंवा उंच स्टूल चालेल. पण बोळात वाट अडते म्हणून तो स्पीकर मामांच्या एक मीटर जवळ आला, तर? त्याचा आवाज सेकंदाच्या हजार भागांपैकी सुमारे तीन भाग आधी पोचेल. एवढ्यानं काय होतं, असं वाटेल. पण हेल्मुट हास या जर्मन शास्त्रज्ञानं १९४९ साली दाखवलं, की तोच आवाज दोनदा, अगदी थोड्या अंतरानं कानी आला, तर आपल्याला एकच आवाज ऐकू येतो, आणि तोही जो आधी पोचला त्याच्या दिशेनं. म्हणजे जवळचा स्पीकर सगळा भाव खाणार! यावर उपाय संचाच्या सेटिंगमध्येच असतो. तिथे प्रत्येक स्पीकरचं अंतर भरायचं. मग यंत्र जवळच्याला तेवढा वेळ थांबवून धरतं. त्याचा आवाज मात्र तिथेच वेगळा थोडा उतरवावा लागतो.

आता खोलीत मधोमध उभं राहून जोरात एक टाळी वाजवा. टाळीमागं ‘टर्रर्र’ ऐकू आलं? आवाज फरशी आणि भिंतींवर आपटतोय. तो कॅरमच्या स्ट्रायकरसारखा, ज्या कोनात जातो त्याच कोनात परत फिरतो. म्हणून मामांना जागेवर बसवा आणि डाव्या भिंतीवर आरसा सरकवत न्या. आरशात त्यांना पुढचा स्पीकर दिसला, की खडूनं खूण करा. तिथे आजीची जाड वाकळ टांगा. खाली सतरंजी अंथरा.

सबवूफरची मात्र खरी मजा. ४० हर्ट्‌झच्या खोल आवाजाची एक लाट साडेआठ मीटर लांब असते, खोलीपेक्षाही मोठी! ती डोक्याला सहज वळसा घालते आणि दोन्ही कानांना जवळजवळ सारखीच ऐकू येते. म्हणून सबवूफर कुठे ठेवलाय ते ओळखता येत नाही. पण खोलीत काही जागी ती लाट फुगते, काही जागी बसते. चांगली जागा शोधायची तर सबवूफर चक्क मामांच्या खुर्चीवर ठेवा, गाणं लावा आणि खोलीभर रांगा. जिथे धडधड ना घुमते ना गायब होते, ती त्याची जागा. मांडणीजवळ ठेवू नका. सिनेमातल्या लढाईत स्वयंपाकघरातली ताटंही उतरतील.

“खोली चौकोनी असती, तर बरं झालं असतं,” असं मामा अजूनही म्हणतील. तेव्हा त्यांना सांगा: लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारखी असलेली खोली आवाजाला सगळ्यात वाईट. तिन्ही दिशांना तेच-तेच सूर घुमतात आणि एकमेकांवर चढतात. म्हणून रेकॉर्डिंग स्टुडिओ बांधताना पुष्कळदा भिंती मुद्दाम तिरक्या ठेवतात. जिना आणि बोळ आपल्याला फुकटात मिळालेत! ‘नाचता येईना अंगण वाकडं’ हेही त्यांना ऐकवा, पण स्पीकर लावून झाल्यावर. शिडीवर त्यांनाच चढायचंय.