ऊन अडवणारा रंग

बुऱ्हाणपुरात जुन्या वस्तीतून मान वर करून चाला. एखाद्या लाकडी सज्ज्याचा छपराखालचा भाग अजून तांबूस असतो आणि उन्हापावसात पुढे आलेला कठडा मात्र राखाडी. लाकूड तेच, सागाचं. मग हा फरक कुठून आला?

लाकडात सेल्युलोजचे तंतू असतात आणि त्यांना धरून ठेवणारं लिग्निन. उन्हातले अतिनील किरण हे लिग्निन तोडतात, पाऊस ते तुकडे धुऊन नेतो, मागे उरतात फिकट तंतू; त्यांवर बुरशीचे सूक्ष्म ठिपके बसले की लाकूड राखाडी दिसायला लागतं. गंमत अशी, की हे किरण पृष्ठभागाखाली मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकेही शिरत नाहीत. जुन्या राखाडी फळीवर रंधा मारून बघा: पहिल्या दोन-चार ढलप्या निघाल्या की आत सोनेरी साग तसाच, वासासकट!

वाळवीची चिंता सागाच्या गाभ्याने स्वतःच मिटवलेली असते. त्यातलं टेक्टोक्विनोन तिला मानवत नाही. (कडेचा पांढरा भाग घेऊ नका, तो ती खाते.) म्हणजे गच्चीवर तापीकडे तोंड करून सागाच्या फळ्यांचा डेक केला, तर संरक्षण हवं ते मुख्यतः उन्हापासून आणि पाण्यापासून. इथेच बहुतेक जण फसतात. लाकडाचे रेषे दिसावेत म्हणून पारदर्शक व्हार्निश मारतात. साधं व्हार्निश पाणी अडवतं, पण प्रकाश आत सोडतं. वरचा थर चकचकीत आणि खालचं लिग्निन सुटत चाललेलं; मग पावसाळ्यात फळ्या फुगल्या, मेमध्ये आकसल्या, की पापुद्रे निघतात.

ऊन अडवतं ते रंगद्रव्य. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त चिकांच्या पडद्यांना लावायच्या लाखेचं प्रमाण दिलंय: लाल हवी तर चार शेर लाखेला एक शेर हिंगूळ, पिवळी हवी तर एक शेर हरताळ. ही दोन्ही रंगद्रव्यंच, हेतू मात्र शोभेचा असणार. पण हाच अबुल फजल १६०१मध्ये पडलेल्या इथल्या असीरगडाच्या मोहिमेत होता, हे कळल्यावर ती ओळ मला एकदम शेजारची वाटायला लागली.

आज डेकला तीच युक्ती, फक्त लाखेऐवजी लाकडात मुरणारं तेल घ्यायचं. लाख पाण्याने पांढरी पडते. रेड ऑक्साइडसारख्या लोहयुक्त रंगाची छटा असलेलं, बुरशीनाशक घातलेलं डेक ऑइल बरं. त्याचा पापुद्रा धरत नाही. वर्षा-दोन वर्षांनी फळी धुवून, वाळवून पुन्हा एक हात द्यायचा. वेळ झाली का, हे पाण्याचा थेंब सांगतो: मुरला तर झाली. दिवाळीनंतर, फळ्या पुरत्या वाळल्यावर काम काढा. मेच्या उन्हात तापलेल्या फळीवर तेल मुरायच्या आधीच वर चिकटून बसतं. आणि फळीच्या कापलेल्या टोकांना दोनदा-तीनदा पाजा. पाणी रेषेला आडवं शिरतं त्याच्या कितीतरी पट वेगाने टोकातून शिरतं.

अशा अनेक तेलांत जवसाचं तेल असतं, आणि ते वाळतं म्हणजे उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, वजनाने चक्क वाढतं आणि वाळताना उष्णता सोडतं. फळीवर ती उष्णता हवेत विरते. पुसायच्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर आतच साठत जाते, आणि तो बोळा काडी न लावता पेटू शकतो. म्हणून काम संपलं, की चिंध्या पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवायच्या.