झाड वाढवायचं तर हाती कोयता हवा

शेतातल्या झाडांच्या तोडीचे नियम सोपे व्हावेत म्हणून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जून 2025 मध्ये राज्यांकडे नमुना नियमावली पाठवली. तेव्हापासूनची सगळी चर्चा लाकडाभोवती फिरते आहे. सागाची परवानगी कोण देणार, पोर्टलवर नोंद कशी होणार, शेताच्या नावाखाली जंगलच विकलं जाईल का? प्रश्न रास्त आहेत. पण कोरडवाहू शेतकऱ्याला झाड परवडायचं असेल तर तोडीच्या कितीतरी आधी छाटणीचा विचार करावा लागतो, आणि त्याविषयी कुणी चकार शब्द काढत नाही.

छाटणीलाच शेतीचा कणा मानणारी एक पद्धत सध्या जगभर गाजते आहे. तिचं नाव सिंट्रॉपिक शेती. अर्न्स्ट गॉट्श या स्विस माणसाने 1980च्या दशकात ब्राझीलच्या बाहिया राज्यात खंगलेली जमीन घेतली. आज तिथे दाट झाडीखाली कोको पिकतो. उंच, मध्यम आणि बुटक्या झाडांचे थर आपल्याला नवे नाहीत. श्री. अ. दाभोलकरांचा प्रयोग परिवार आणि सुभाष पाळेकरांचं पंचस्तरीय प्रारूप मराठी शेतकऱ्याने पाहिलेलं आहे. गॉट्श यांचं वेगळेपण कोयत्यात आहे. झपाट्याने वाढणारी झाडं मुद्दाम दाटीने लावायची, पुन्हा पुन्हा छाटायची आणि निघालेला सगळा पाला-काटक्या तिथेच अंथरायच्या. छाटलेलं झाड धुमारे फोडतं, खालच्या पिकाला उजेड मिळतो, आच्छादनाखाली ओल टिकते, बुरशी आणि गांडुळं कामाला लागतात. खत बाहेरून आणायचं नाही, ते शेतातच उभं वाढवायचं.

मात्र बाहियाचा तो भाग भरपूर पावसाचा आहे. तिथली बाग जशीच्या तशी कोरड्या मुलखात लावली तर झाडं एकमेकांचं पाणी पळवतील. पोर्तुगालच्या आलेंतेझूसारख्या भूमध्य हवामानाच्या प्रदेशात ही अडचण ठळक दिसते. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो. ओल असते तेव्हा थंडी, आणि ऊन तापतं तेव्हा जमीन कोरडीठाक. झाडं सावकाश वाढतात, पाला कमी निघतो. अंथरलेला पाला उन्हाळाभर कुजत नाही, उलट वणव्याची धास्ती वाढवतो. म्हणून तिथे ऑलिव्ह, अंजीर, कॅरोब अशी चिवट झाडं धरावी लागतात आणि सुरुवातीची काही वर्षं पाणी द्यावं लागतं.

आपलं गणित बरंच सोपं आहे. आपल्याकडे ऊब आणि पाऊस एकदम येतात, त्यामुळे चार महिन्यांत पाल्याचा डोंगर उभा राहतो. प्रश्न उरलेल्या आठ महिन्यांचा. तो समजून घ्यायला कोलकात्याहून पश्चिमेला, झारखंडच्या सीमेवरच्या पुरुलियाकडे पाहावं. तिथे वर्षाला सुमारे 1300 मिलिमीटर पाऊस पडतो, मराठवाड्याला हेवा वाटावा इतका. पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो आणि तांबड्या, उताराच्या जमिनीवरून वाहून जातो. माथ्याची जमीन ती टांड, त्याखाली बाईद, मग कानाली आणि तळाची बहाल. भाताला बहाल लागते, टांड उघडी पडते. अशाच पडीक जमिनीसाठी पश्चिम बंगाल सरकारने 2020 मध्ये ‘माटीर सृष्टी’ योजना काढली. सहा कोरड्या जिल्ह्यांत 50,000 एकर, फळबागांसह.

या टांडांवर पळस, बोर आणि कुसुम, म्हणजे आपला कोशिंब, कधीपासून उभे आहेत. आणि तिथली माणसं ते पिढ्यान्‌पिढ्या छाटत आली आहेत, लाखेसाठी. लाखेचा किडा कोवळ्या फांदीतूनच रस ओढतो, म्हणून धुमारे हवेत, आणि धुमारे हवेत म्हणून छाटणी. पळसावर वर्षातून दोन पिकं येतात. कुसुम मात्र छाटल्यावर साधारण दीड वर्ष थांबावं लागतं, तेव्हा कुठे त्यावर बीज-लाख, म्हणजे किडे असलेल्या काड्या, बांधता येते. म्हणून जाणता लाखवाला झाडांचे गट पाडतो. एक गट पिकावर, एक विश्रांतीला, एक नुकता छाटलेला. कुठली फांदी ठेवायची, कुठली काढायची आणि कधी, ही जाण त्याच्या हातात आहे. सिंट्रॉपिक शेतीच्या महागड्या कार्यशाळांतून शिकवतात ते याहून फार वेगळं नाही. रांचीजवळ नामकुमच्या लाख संशोधन संस्थेने तर फ्लेमिंजिया सेमियालाटा या झुडपावर लाख घेण्याची पद्धत बसवली आहे, तीत दोन ओळींच्या मध्ये भाजीही घेता येते.

   

छाटणीची इतकी जाण असताना मग पुरुलियाची टांड हिरवीगार का नाही? कारण छाटलेली काटकी चुलीत जाते. गॅसचं सिलिंडर पुन्हा भरून आणणं ज्या घराला जड जातं, त्या घराला सरपण जमिनीवर अंथरा असं सांगणं अन्यायाचं आहे. भाताची कापणी झाली की गुरं मोकळी सुटतात आणि कोवळी रोपं खाऊन जातात. जे उरतं त्यावर वाळवी चढते. सिंट्रॉपिक शेतीचे प्रचारक या तीन गोष्टींवर फार कमी बोलतात, आणि मला ती त्यांची मोठी उणीव वाटते. यातून वाट निघते ती तडजोडीची. जाड काटकी घराला, पाला आणि बारीक डहाळ्या जमिनीला. गुरं सहसा तोंड लावत नाहीत असा पळस आणि गिरिपुष्प बांधावर, फळझाडं आत. छाटणी मृगाच्या तोंडावर, म्हणजे पाला पावसाबरोबरच कुजायला लागेल.

सरकारी योजना लावलेली रोपं मोजतात. छाटणीची मजुरी कुणी मोजत नाही. बंगालचा 2006 चा वृक्षसंरक्षण कायदा असो की महाराष्ट्राचा 1964 चा वृक्षतोड कायदा, झाडाला हात लावायचा म्हटलं की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, आणि मग तो बांधावर रोप उगवलं की तेव्हाच उपटून टाकतो. नव्या नियमावलीवरून राज्यं आपले नियम करतील तेव्हा शेतातली छाटणी तोडीच्या व्याख्येबाहेर आहे, हे एका वाक्यात लिहून टाकावं. आणि गोंदिया-भंडाऱ्यात पळस, कोशिंब आणि लाख तिन्ही असताना तिथल्या शेतकऱ्यांची अभ्याससहल परदेशी बागांकडे न नेता पुरुलियाला न्यावी.

कोकणातही दरवर्षी ऐन-किंजळाची कवळं तोडून भाताच्या रोपांच्या जागेवर राब भाजतात. तण जळतं आणि राख मिळते, म्हणून त्या प्रथेला आधार आहे. पण राबाला लागतो त्याहून जास्त पाला अनेक ठिकाणी तोडला जातो. तो जास्तीचा पाला येत्या मे महिन्यात न जाळता काजूच्या आळ्यांत घालता येईल.